‘विंटर गार्डन किट’: पेटीत काय येतं आणि परड्याला काय लागतं

दसरा झाला की ‘विंटर गार्डन किट’ नावाच्या पेट्या ऑनलाइन दिसू लागतात, नर्सरीतही दारातच रचलेल्या असतात. बनवणारे वेगळे, वरची चित्रं वेगळी, आतला माल मात्र थोड्याफार फरकानं तोच. १२ बाय १२ इंचांच्या चार ग्रो बॅगा, कोकोपीटची, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाची, ६५० ग्रॅमची एक वीट, किलोभर गांडूळ खत, अर्धा किलो निंबोळी पेंड, दहा-बारा बियांची पाकिटं, छोटं खुरपं आणि पंजा, नीम ऑइलची बाटली, पिवळे चिकट सापळे. महाग पेटीत याशिवाय ट्रायकोडर्माची (रोपं कुजवणाऱ्या बुरशीला मारणाऱ्या उपयोगी बुरशीची) पुडी आणि ‘फ्रॉस्ट कव्हर’ म्हणून एक पातळ पांढरं कापड. हे परीक्षण एखाद्या कंपनीचं नाही, या प्रकारच्या मालाचं आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, बैलहोंगल या पट्ट्यातल्या परड्यात किंवा गच्चीवर यातलं काय चालतं, एवढंच इथं पाहायचं आहे.

सुरुवात साध्या हिशेबानं करू, कारण पेटी पहिल्यांदा तिथंच फसते. १२ बाय १२ ची बॅग काठोकाठ भरली तर साधारण २२ लिटर मिश्रण बसतं. पाणी घालायला वर दोन इंच मोकळे सोडले तर १८ लिटर. चार बॅगांचे झाले ७२ लिटर. ६५० ग्रॅमची वीट भिजून फुगते ती आठ-नऊ लिटर. किलोभर गांडूळ खत दीड-दोन लिटर. म्हणजे पेटीतलं सगळं ओतलं तरी एक बॅग धड भरत नाही, आणि चित्रात मात्र चारही बॅगांत कोबी डोलत असतो. उरलेली माती आणि शेणखत तुमचं तुम्हीच आणायचं, ही गोष्ट पेटीवर कुठंच नसते. असली तर बारीक अक्षरात, इंग्रजीत.

दुसरी अडचण हवामानाची. अशा पेट्यांची कल्पना थंड मुलुखातून आलेली आहे. तिथं हिवाळ्याची तयारी म्हणजे झाडं झाकणं, कंद उकरून घरात ठेवणं, नळाचं पाणी गोठू नये म्हणून धडपड. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचावर असलं तरी डिसेंबर-जानेवारीत पहाटे पाणी गोठण्याची वेळ येत नाही. उलट आपल्याकडे खरा भाजीपाल्याचा हंगाम तेव्हाच सुरू होतो. त्यामुळे इथली तयारी झाडं झाकण्याची नसते, पावसाळ्यानं बिघडवलेली माती सुधारण्याची असते. चार महिने पावसानं झोडपून जमीन बसलेली असते, खानापूरकडं तर अन्नद्रव्यं धुऊन गेलेली असतात, लव्हाळा आणि हराळी माजलेली असते, खोडांवर बुरशी चढलेली असते. त्यात चित्रा-स्वातीचा एखादा पाऊस येतोच. मग पहाटेचं दहिवर, आणि नंतर कोरडा वारा. या क्रमातल्या एकाही गोष्टीचं उत्तर पेटीत पुरेसं नाही.

माती

कोकोपीट ही पेटीतली सगळ्यात मिरवलेली वस्तू. चांगली आहे, पण तिच्याकडून भलत्या अपेक्षा ठेवल्या जातात. ती पाणी धरते, हलकी असते, रोपाला पोषण मात्र जवळपास काहीच देत नाही. नुसत्या कोकोपीटमध्ये मेथी उगवते, बोटभर होते आणि पिवळी पडते.

वीट वापरायच्या आधी धुवायची. साडेतीन-चार लिटर पाण्यात अर्धा तास भिजवा, फडक्यात घालून पिळा, पुन्हा पाणी घालून पिळा. पहिलं पाणी चहासारखं निघतं. रंगाची फारशी काळजी नको, काळजी क्षारांची. किनाऱ्यावरच्या खाऱ्या पाण्यात मुरलेल्या काथ्याचा भुसा असेल तर मीठ त्यात राहतं. मग रोपांच्या पानांची टोकं करपतात, वाढ खुंटते आणि दोष बियांवर जातो. पाकिटावर ‘लो ईसी’ (ईसी म्हणजे क्षारांचं माप) असं लिहून आकडा दिलेला असेल आणि तो १ च्या खाली असेल तर माल ठीक. आकडाच नसेल तर दोनऐवजी तीनदा धुवा.

आणखी एक फसगत डिसेंबरात होते. कोरड्या हवेत कोकोपीटचा वरचा थर तासाभरात पांढुरका दिसतो, खाली मात्र चिंब ओल असते. माणूस वरचं बघून पाणी घालत राहतो आणि मुळं कुजतात. बोट दोन इंच आत घालून बघितल्याशिवाय पाणी द्यायचं नाही.

चार बॅगांसाठी इथं मिळणाऱ्या वस्तूंचं मिश्रण असं करा: माती चार भाग, पूर्ण कुजलेलं शेणखत तीन भाग, धुतलेलं कोकोपीट दोन भाग, भाताचं तूस एक भाग. दहा लिटरच्या बादलीनं मोजलं तर माती तीन बादल्या, शेणखत सव्वादोन, कोकोपीट दीड, तूस पाऊण बादली. कोकोपीटच्या विटा दोन लागतात, पेटीत एक असते. तूस बेळगाव-खानापूर भागातल्या भाताच्या गिरणीवर पोत्यानं मिळतं. कुजायला वर्ष-दोन वर्षं लागतात, तोवर माती भुसभुशीत ठेवतं. मात्र दहा टक्क्यांपेक्षा जास्त घालू नका, पाणी धरवत नाही. बॅगा गच्चीवर ठेवणार असाल तर ओल्या मिश्रणाची एक बॅग वीस किलोच्या आसपास भरते हे लक्षात घ्या, आणि त्या भिंतीलगत, तुळईच्या रेषेवर मांडा.

शेणखत नीट कुजलेलं आहे की नाही ते हातात घेऊनच कळतं. वास मातीचा यायला हवा. नाकात झोंबणारा अमोनियाचा वास येत असेल, आत गरम लागत असेल किंवा काड्या ओळखू येत असतील तर ते कच्चं. कच्च्या खतातून हुमणीच्या अळ्याही येतात. बोटाएवढी, पांढरी, इंग्रजी ‘सी’सारखी वाकलेली अळी दिसली की पूर्ण ढीग उन्हात पसरून वेचून काढा. बैलहोंगल-गोकाककडच्या खेड्यात खत विचारताना ‘कोट्टिगे गोब्बर’ म्हणालात तर काम लवकर होतं. गांडूळ खताला ‘एरेहुळू गोब्बर’, निंबोळी पेंडेला ‘बेविन हिंडी’.

पेटीतलं गांडूळ खत बहुधा कोरडं ठणठणीत असतं. खत नियंत्रण आदेशात गांडूळ खताचा ओलावा १५ ते २५ टक्के धरलेला आहे. पिठासारखं उडणारं खत म्हणजे वाळवून वजन हलकं केलेलं, त्यातले जिवाणू बरेचसे मेलेले. मुठीत दाबलं की गोळा व्हावा, पाणी मात्र निथळू नये. किलोच्या भावानं पाहिलं तर पेटीतलं हे खत सगळ्यात महागात पडतं. तेवढ्या पैशात ओळखीच्या गोठ्यातून पोतंभर शेणखत येईल.

जमिनीतल्या वाफ्याला बॅगेचं गणित लावू नका. गादीवाफा तीन फूट रुंद, अर्धा फूट उंच, लांबी सोयीनुसार. काळ्या जमिनीत उंची सोडू नका, स्वातीचा पाऊस आलाच तर सपाट वाफ्यात पाणी साचून बी कुजतं. चौरस मीटरला चार ते पाच किलो शेणखत, म्हणजे दहा बाय दहा फुटांना चाळीस-पंचेचाळीस किलो.

खणायची घाई नको, वापसा यायला हवा. मूठभर माती दाबून लाडू करा आणि कमरेइतक्या उंचीवरून टाका. फुटून विखुरला तर वापसा आला. चपटा होऊन बसला तर अजून तीन-चार दिवस थांबा. ओली काळी माती खणली की ढेकळं पडतात, वाळून दगड होतात आणि पूर्ण हंगामभर फुटत नाहीत. पेटीतलं वीतभर खुरपं या कामाला खेळणंच आहे. बॅगेतली माती हलवायला ठीक, जमिनीला कुदळ आणि फावडंच हवं. लव्हाळा वरवर भांगलून काही होत नाही, खाली राहिलेल्या गाठींतून आठवड्यात पुन्हा कोंब येतात. वापशावर वीतभर खोल खणून गाठी वेचाव्या लागतात, आणि त्या कंपोस्टच्या खड्ड्यात टाकायच्या नाहीत.

काही पेट्यांत ‘पीएच करेक्टर’ म्हणून चुन्याची पुडी असते. ती डोळे झाकून टाकू नका. बेळगावच्या पश्चिमेला, खानापूरकडं, जांभ्याची तांबडी माती आम्लधर्मी असते, तिथं चुना उपयोगी पडतो. पूर्वेला काळ्या जमिनीचा सामू, म्हणजे पीएच, आधीच चढा असतो, तिथं चुना किंवा चुलीतली राख घातली तर लोह मिळेनासं होऊन पानं शिरांमधून पिवळी पडतात. कृष्णाकाठच्या अथणी-रायबागकडच्या क्षारपड जमिनीचा प्रश्न तर अजून वेगळा, तिथं चुन्याचा काहीच संबंध नाही. माती तपासून घेणं फार अवघड नाही. होबळीच्या (तालुक्यातल्या गावांच्या गटाच्या) रयत संपर्क केंद्रात किंवा बैलहोंगल तालुक्यात मत्तिकोप्पच्या कृषी विज्ञान केंद्रात नमुना देता येतो. सामू ५.५ च्या खाली आला तर चौरस मीटरला २०० ग्रॅम शेतीचा चुना, आणि शेणखत त्यानंतर दोन आठवड्यांनी. दोन्ही एकदम मिसळलं तर खतातला नत्र अमोनिया होऊन उडून जातो. खताचे पैसे हवेत गेले.

बियांची पाकिटं

इथं पेटीला सगळ्यात कमी गुण. पाकिटावर लेट्यूस, ब्रोकोली, केल, झुकिनी, पार्सली, चेरी टोमॅटो, आणि भरीला भेंडी, काकडी, दोडका. शेवटची तीन हिवाळ्याची पिकंच नव्हेत. डिसेंबरच्या रात्रीत भेंडी उगवायलाच दुप्पट दिवस घेते आणि गुडघ्याएवढी होऊन थांबते. ते पाकीट फेब्रुवारीपर्यंत डब्यात ठेवा. झुकिनी येते, पण दहिवर आणि दुपारची कोरडी हवा यात तिच्या पानांवर भुरी, म्हणजे पांढऱ्या पुडीसारखी बुरशी, ठरलेली.

लेट्यूस इथं छान येतं, फक्त ऑक्टोबर हीटमध्ये पेरू नका. माती तापून तीस अंशांच्या वर गेली की लेट्यूसचं बी झोपी जातं. नोव्हेंबरच्या मध्यावर पेरा, बियांवर माती नावालाच टाका, त्याला उजेड लागतो. ब्रोकोलीची रोपं महिनाभरात लावणीला येतात आणि पुढं दोन-अडीच महिन्यांत गड्डा. नोव्हेंबर गाठला तरच हे जमतं. डिसेंबरअखेर पेरलेल्या ब्रोकोलीला गड्डा भरताना उन्हाळा गाठतो आणि ती फुलावर जाते.

फ्लॉवरचं पाकीट असेल तर त्यावर जात लिहिलेली आहे का ते आधी बघा. फ्लॉवरच्या जाती तापमानानुसार लवकरच्या, मधल्या आणि उशिराच्या असतात. ‘स्नोबॉल’ गटातल्या उशिराच्या जातीला गड्डा धरायला १० ते १६ अंश हवेत, बेळगावच्या दुपारी तेवढ्या खाली येत नाहीत. नुसता पाला वाढतो. लवकरची जात उशिरा लावली तर उलट होतं, रोप लहान असतानाच बटणाएवढा गड्डा येतो आणि खेळ संपतो. आपल्याकडं मधल्या हंगामाची जात घ्यावी. ‘कॉलिफ्लॉवर’ एवढंच छापलेलं पाकीट म्हणजे सोडत.

आणि तारीख. बियाण्याच्या लेबलवर उगवणशक्तीची टक्केवारी, शुद्धता, तपासणीची तारीख आणि वैधता असायला हवी. तपासणीपासून वैधता साधारण नऊ महिन्यांची धरतात. कित्येक पेट्यांतल्या चिमुकल्या पाकिटांवर यातलं काही नसतं, बाहेरच्या खोक्यावर फक्त पॅकिंगचा महिना असतो. पॅकिंगची तारीख म्हणजे तपासणीची तारीख नव्हे. कांद्याच्या बियांचं तर वर्षभरात मातेरं होतं. घरच्या घरी परीक्षा सोपी आहे: वीस बिया ओल्या कागदात गुंडाळून डब्यात ठेवा आणि आठ-दहा दिवसांनी मोजा. टोमॅटो, मुळा, मेथीच्या वीसपैकी चौदा उगवल्या पाहिजेत, गाजराच्या बारा चालतील. त्याखाली असेल तर दाट पेरा किंवा टाकून द्या.

पाकिटांतलं प्रमाणही अडाणी. गाजराचं बी चौरस मीटरला अर्धा-पाऊण ग्रॅम पुरतं, ते पाकिटात भरपूर असतं. मेथी-कोथिंबिरीला चौरस मीटरला आठ-दहा ग्रॅम लागतं, तिथं पाकिटात चिमूटभर. घरात रोज लागणारी जुडी त्या पाकिटातून निघत नाही. मेथी, पालक, शेपू, पोकळा, चाकवत, जवारी कोथिंबीर, मुळा, कांदापात, घेवडा, वाल, मटार हे सगळं बाजारपेठेतल्या बियाण्यांच्या दुकानात सुटं वजनानं किंवा लेबलच्या पाकिटात मिळतं. स्वयंपाकघरातली मेथीही चालते. धणे यंदाचे असतील तर तेही चालतात. ते चपलेनं किंवा पोळपाट-लाटण्यानं हलके रगडून दोन फाकी करायचे आणि रात्रभर भिजत घालायचे. अख्खे पेरले तर उगवायला पंधरा दिवस घेतात, आणि लोक दहाव्या दिवशी वाफा उकरतात. दसऱ्यानंतर पहिली पेरणी आणि पुढं दर दहा-बारा दिवसांनी हातभर पट्टा पेरत राहिलं तर पालेभाजी सलग मिळते. मटार नोव्हेंबरच्या मध्याच्या आत उरकावा, फुलं यायला थंडी मिळाली पाहिजे.

गाजराच्या वाफ्यात ताजं शेणखत किंवा खडे राहिले तर मुळाला दोन-तीन पाय फुटतात. आणि विरळणी मन घट्ट करून करावी, दोन रोपांत दोन इंच. दाट ठेवलेल्या वाफ्यात शेवटी सगळी शेपटंच मिळतात.

ट्रायकोडर्मा, पेंड, नीम ऑइल

ट्रायकोडर्माची पुडी हा पेटीतला कामाचा माल, पण तो जिवंत आहे हे विसरलं जातं. उत्पादनाची तारीख सहा महिन्यांच्या आतली असावी. गोदामात उन्हाळा काढलेली पुडी म्हणजे नुसती शंखजिऱ्याची पूड. वापर असा: ५० ग्रॅम पुडी पाच किलो कुजलेल्या शेणखतात मिसळा, ओलसर करा, सावलीत ढीग करून ओल्या बारदानानं झाका. आठ-दहा दिवसांत वर हिरवट-पांढरी बुरशी दिसली की ते खत बॅगांत आणि वाफ्यात मिसळा. बुरशी दिसलीच नाही तर पुडी मेलेली होती. टोमॅटो, वांगी, मिरचीची रोपं जमिनीलगत बारीक होऊन कोलमडतात, त्यावर हा उपाय आधी करायचा असतो, रोपं पडल्यावर नाही. तांब्याचं बुरशीनाशक आणि ट्रायकोडर्मा एकाच आठवड्यात एकाच मातीत घालू नका. पहिलं दुसऱ्याला मारून टाकतं.

निपाणी भागातल्यांसाठी एक वेगळी सूचना. टोमॅटो, मिरची आणि तंबाखू एकाच कुळातली. तंबाखूचा मोझॅक विषाणू वाळलेल्या पानातही टिकून राहतो. तंबाखू हाताळून किंवा मळून तसेच रोपांना हात लावले तर पानं चट्ट्यापट्ट्यांची होऊन आकसतात आणि त्यावर कुठलंही औषध नाही. रोपांच्या कामाआधी साबणानं हात धुणं एवढंच हातात आहे.

निंबोळी पेंड ही पेटीतली एकमेव अशी वस्तू की जिचं प्रमाण पुरेसं असतं. एका बॅगेला ५० ग्रॅम, वाफ्याला चौरस मीटरला २५० ग्रॅम. पेरणीच्या दहा-पंधरा दिवस आधी मातीत मिसळून ओली ठेवा, ताज्या पेंडेत पेरलं तर बारीक बियांची उगवण मार खाते. खरी पेंड तपकिरी, कडवट उग्र वासाची, टरफलाचे तुकडे दिसणारी. वास नसलेली काळी पूड मिळाली तर ती माती मिसळलेली समजा.

नीम ऑइलच्या बाटलीवर पीपीएमचा आकडा बघा, कडुनिंबातला किडीवर चालणारा अंश (अझाडिरॅक्टिन) किती ते त्यावरून कळतं. १,५०० पीपीएमचं असेल तर लिटरला पाच मिलि, १०,००० चं असेल तर दोन. आकडाच नसेल तर ते नुसतं तेल, कडुनिंबाचा कडूपणा त्यात किती हे देव जाणे. थंडीत तेल गोठून बाटलीतच बसतं. बाटली कोमट पाण्यात धरा, आधी लिटरला एक मिलि द्रव साबण पाण्यात ढवळा, मग तेल. साबणाशिवाय तेल वर तरंगतं, पहिल्या फवाऱ्यात निव्वळ पाणी जातं आणि शेवटच्यात तेल जाऊन पान भाजतं. फवारणी संध्याकाळी, पानाच्या खालच्या बाजूनं, आणि केलेलं द्रावण त्याच दिवशी संपवायचं. मावा आणि पांढऱ्या माशीवर उपयोग होतो, भुरीवर फारसा नाही. मटाराला किंवा झुकिनीला भुरी दिसली तर पाण्यात विरघळणारं गंधक लिटरला दोन ग्रॅम, पण तेलाच्या फवारणीनंतर दोन आठवडे जाऊ द्या, नाहीतर पानं करपतात.

पिवळे सापळे रोपाच्या शेंड्याच्या जरा वर टांगा. त्यांनी कीड संपत नाही, आली हे कळतं. मिरचीवरच्या फुलकिड्यांसाठी निळे लागतात, ते पेटीत नसतात.

पेटीत नसलेलं

पाच पैकी दोन गुण या किटला, आणि तेही पेंड, ट्रायकोडर्मा आणि बॅगांमुळे. भाड्याच्या घरात, मातीची सोय नसलेल्या गच्चीवर कुणाला भेट द्यायचीच असेल तर ठीक, सोबत दोन बुट्ट्या शेणखत आणि दोन बुट्ट्या माती द्या. ज्याच्या घरामागं परडं आहे त्यानं तेवढ्याच पैशात पुढच्या वस्तू घ्याव्यात.

एक, मोरचूद आणि चुना. पावसाळ्यानंतर लिंबू, आंबा, पेरू यांच्या खोडाला बोर्डो पेस्ट लावली नाही तर डिंक्या आणि साल कुजण्याचा त्रास वर्षभर पुरतो. १०० ग्रॅम मोरचूद अर्ध्या लिटर पाण्यात, १०० ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या अर्ध्या लिटरात, दोन्ही प्लास्टिकच्या भांड्यांत. मोरचूद विरघळायला रात्रभर ठेवलेलं बरं. चुना विझून गार झाला की गाळा, मग दोन्ही एकत्र ओता. लोखंडी खिळा मिनिटभर बुडवून बघा. त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला, थोडा वाढवा. आधी खोडावरचं शेवाळ आणि डिंक खरवडून काढा, जमिनीपासून दोन-तीन फूट ब्रशनं लावा, आणि त्याच दिवशी संपवा. उरलेली पेस्ट दुसऱ्या दिवशी निकामी असते. आंब्याला यापलीकडं आत्ता काही करू नका. मोठ्या झाडाचं पाणी आणि नत्राचं खत थांबवा, छाटणी तर नकोच, नाहीतर मोहोराऐवजी पालवी फुटते.

दोन, छाटणीची चांगली कात्री. गुलाबाची छाटणी पाऊस उघडला की ऑक्टोबरच्या मध्यापासून दिवाळीपर्यंत करतात. फूट-दीड फूट ठेवून, बाहेरच्या बाजूच्या डोळ्याच्या पाव इंच वर तिरका काप द्या. दीड महिन्यात फुलं येतात. पत्र्याच्या स्वस्त कात्रीनं फांदी चेपते, कापत नाही, आणि चेपलेल्या जागेतून फांदी वरून खाली काळी पडत जाते. मोगऱ्याला मात्र आत्ता हात लावू नका, त्याची छाटणी थंडी सरताना.

तीन, उसाचा पाला. या भागात तो ढिगानं असतो आणि शेतात जाळला जातो. वाफ्यावर दोन-तीन इंच पसरला की ओल टिकते आणि भांगलण निम्मी होते. रोपाच्या बुंध्यापासून दोन इंच दूर ठेवा, वाळवी लागते. साखर कारखान्याची प्रेसमड (उसाचा रस गाळून उरलेली मळी) मिळाली तर तीही घ्या, पण कुजवलेलीच. ताजी ट्रॉलीतून आणून टाकली तर ती मातीत तापते आणि मुळं शिजतात.

एक गोष्ट फुकट आहे, ती म्हणजे सावलीचा अंदाज. डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडं झुकतो आणि बेळगावात भर दुपारी तो आकाशात सुमारे ५१ अंशांवरच असतो. सहा फुटी कंपाउंडची सावली उत्तरेला पाच फूट पडते, दुमजली घराची पंधरा-सोळा फूट. ऑगस्टमध्ये उन्हात असलेली जागा डिसेंबरात दिवसभर सावलीत जाऊ शकते. कोबी, फ्लॉवर, टोमॅटोला सहा तास ऊन हवं. सावलीच्या कडेला पालक, कोथिंबीर, शेपू भागवून घेतात. बॅगा मांडायच्या आधी घराची दक्षिण बाजू बघा, म्हणजे जानेवारीत वीस किलोच्या बॅगा ओढत बसावं लागणार नाही.

राहिलं ते फ्रॉस्ट कव्हर. गोठवणारी थंडीच नसल्यानं ते ज्या कामासाठी दिलंय त्यासाठी इथं बिनकामाचं. पण फेकू नका. गाजराचं बी उगवायला दहा ते पंधरा दिवस घेतं आणि तेवढे दिवस वरची माती एकदाही सुकता कामा नये, सुकली तर कोंब आतल्या आत मरतो. वाफा पेरून, झारीनं पाणी देऊन हे कापड अंथरा, कडांना दगड ठेवा आणि पाणी कापडावरूनच द्या. माती धुपत नाही, पापडी धरत नाही, आणि मेथीच्या कोवळ्या कोंबांवर टपलेल्या चिमण्या-साळुंक्याही लांब राहतात. पहिले हिरवे दोरे दिसले की संध्याकाळच्या वेळी कापड काढून घ्या. दोन दिवस उशीर झाला तरी रोपं खाली पिवळी आणि लांबोडकी होतात, आणि मग उभी राहत नाहीत.